शून्याखाली

ओउलूत जानेवारीचा सूर्य
दुपारी जेवणापुरता येतो
आणि अर्ध्या ताटावरून उठून जातो.
मी मेल उघडते तेव्हा काळोख,
मिटते तेव्हाही.

आज अठरा बदल आलेत तपासायला.
कुणी रिकाम्या जागा सरळ केल्यात,
कुणी टिपेतलं एक अक्षर.
ही माणसं मला आवडतात,
पाहुणे येणार नसले तरी अंगण झाडणारी.
हेल्का, माझी मुलगी, विचारते, पैसे किती मिळतात याचे?
लष्करच्या भाकऱ्या, मी म्हणते,
पण करपू द्यायच्या नाहीत.

एकोणिसावं पत्र माझंच होतं, अर्धवट:
हा ड्रायव्हर काढून टाकावा.
चिप बनायची थांबून सहा वर्षं झाली.
कुणी वापरत असल्याचं ऐकिवात नाही.
लिहिणारा ओमार एचेवेरी, गाव साल्तो, उरुग्वाय.
फाइलच्या माथ्यावर त्याचं नाव, त्याखाली एक ओळ:
शंका आली तर मला विचारा.

मला दोन शंका होत्या. विचारल्या.
यंत्राने कळवलं, या नावाचं इथे कुणी राहत नाही.
नोकरी सुटली असेल. किंवा काहीही.
मग यादीत त्या ड्रायव्हरपुढे मी 'अनाथ' लिहिलं.
आमच्यात हा नेहमीचाच शब्द, त्यात दुष्टावा नाही.
तरी लिहून झाल्यावर उठले, कॉफी केली,
प्याले नाही.

आणि मग उत्सयोकीहून नीलासचा मेल:
"तुमच्या कर्नलच्या मते माझ्या कोठारातले मासे
दोनशे एकोणतीस अंशांवर आहेत.
माशांचं तसं म्हणणं नाही."

खालच्या खणात तो बोर्ड होता,
एका तारेवर कसाबसा तगलेला.
बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला, दार लावलं, थांबले.
भिंतीवरचा जुना पारा म्हणाला, वजा सत्तावीस.
पडद्यावर: दोनशे एकोणतीस.

बारा बिटांचा आकडा.
सगळ्यात वरचा बिट म्हणजे ऋणाची खूण.
ड्रायव्हरने ती खूण ओळखलीच नाही,
देणं सरळ जमेच्या रकान्यात ओढलं.
अकरा वर्षं हे दुखणं त्याने अंगावर काढलं.
आणि मीही, दर वर्षी त्या फाइलवरून हात फिरवणारी,
इथे, या गावात राहून.

साल्तोत संत्री होतात.
पारा शून्याखाली जात असेल एखाद्या पहाटे,
आणि त्या पहाटे ओमार झोपलेला असणार.
त्याला कसा बोल लावू?

नीलासने दुरुस्ती पाठवली. एक ओळ.
मी परत केली: सही नाही.
पुन्हा पाठवली. परत: टॅबच्या जागी स्पेस.
तिसऱ्यांदा लिहिलं, काय बदललंस ते दिसतंय,
का बदललंस ते सांग.
दोन दिवस काही नाही. वाटलं, गेला हा पोरगा.
(पोरगा की म्हातारा, मला कुठे माहीत?)
चौथ्या खेपेला कारणाच्या जागी एवढंच:
"कारण इथे हिवाळा असतो."
नियमाने मी अजून तपशील मागायला हवा होता.
नाही मागितला.

एक प्रत ओमारलाही गेली.
फाइलमध्ये पत्ता आहे, अवजार विचारत बसत नाही.
चार मिनिटांत परत आली.

'काढून टाकावा' हे पत्र मसुद्यांत आहे अजून.
खोडलेलं नाही. चिप तर बंदच आहे,
आणि एका कोठारासाठी किती दिवस,
हे मला कुणी विचारलं तर उत्तर नाही.

बोर्ड आत आणायचा राहून गेलाय.
रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा पडदा जागा होता:
वजा सत्तावीस.
मी बघत असतानाच एक पायरी हलली,
वजा सव्वीस पूर्णांक नऊ तीन सात पाच.